नांदली का डांबली

पुस्तकाचं नाव मी सांगणार न्हाई. सांगितलं की लोक पुन्हा मागायला येतील, आणि त्याची पानं आधीच सुटायला आलीत.

लाल पुठ्ठ्याची, चारशे पानांची कादंबरी होती. निजामाच्या काळातली. एका सरदाराच्या बापाला एका देशमुखानं दगा दिलेला. तर हा गडी बदला म्हणून देशमुखाची पोरगी भर मांडवातून उचलतो आणि गढीत नेऊन कोंडतो. एक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई, वर्षभर. आणि वर्षभरानं काय, तर ती त्याच्यावरच जीव टाकायला लागते. बापाकडची माणसं सोडवायला येतात तर म्हणते, मी येत न्हाई. शेवटचं वाक्य, 'आणि ती त्या गढीत सुखानं नांदली.' लिहिणाऱ्यानं लई रंगवून लिहिलं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजाराला जाताना लागतं. गावच्या सोसायटीनं गोदामाच्या एका खणात वाचनालय काढलं होतं. बाहत्तर साली सलग दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला तेव्हा गोदामात ना खत राहिलं ना बी. उंदीरसुद्धा गाव सोडून गेले. राहिली पुस्तकांची दोन कपाटं आणि ती सांभाळणारी मी, कौशल्याबाई, सातवी पास, मास्तर नवऱ्याच्या माघारी एकटी. सचिवाचं अक्षर कोंबडी नाचल्यागत, म्हणून सभेचं प्रोसिडिंगही मीच लिहायची.

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. आण्णांना ठरावाचं भारी वेड. कुणाचा बैल कुणाच्या रानात गेला, देवळापुढं चप्पल कुठं काढायची, सगळ्याचा ठराव. एकदा प्रोसिडिंगात लिहिलं की विषय मिटला, असं त्यांचं म्हणणं. मागं कुणीतरी पान बदललं म्हणून त्यांनी कडक नियम केला होता. पानांना नंबर, खाडाखोड बंद, लिहिलेलं सभेत वाचून दाखवायचं आणि मगच सह्या. नियम चांगला होता, मी त्यांना नावं ठेवत न्हाई.

वाचनालयानं पोट भरत नव्हतं, म्हणून मीही इतर बायांसारखी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सरकारनं दिलेली खायची सुकडी वाटली की तासभर सुट्टी. त्या तासात एकदा सुंदरबाई म्हणाली, बाई, तुमच्याकडं एवढी पुस्तकं, एखादं वाचून तरी दाखवा. मी कपाटात हात घातला, हातात लाल पुठ्ठा आला. मला काय ठाऊक त्यात काय हाय.

तिसऱ्या दिवशी कळलं. नायिकेला उचलली तिथं मी थांबले, म्हणलं हे बायांपुढं कसं वाचावं. तर सगळ्या अंगावर आल्या, थांबता काय म्हणून. चाळीस बाया, हातात हातोडे. वाचलं.

काय एकेकीचं ऐकावं. सुंदरबाई त्या सरदारावर फिदा. कसा घोड्यावर बसतो, कसा बोलतो, कसे तिच्यासाठी मोती आणतो. तिचा नवरा धुळाजी मेंढरामागं फिरणारा, पाच वर्षांत तिला नावानं हाक मारली नसेल. केशरबाईचं वेगळंच. ती म्हणाली, दोन वेळा जेवाय देतो ना, गढीत पाण्याचा आड हाय ना, मग कोंडलं तर कोंडलं, मला नेलं असतं तर मी कडी आतून लावली असती. आम्ही सगळ्या हसलो, आणि मग हसू आपोआप थांबलं, कारण त्या दिवशी टँकर आला नव्हता. दगडाबाई आमच्यात थोरली, साठीची. तिचं एकच पालुपद होतं की त्या सरदाराला पायताणानं हाणला पाहिजे. रोज हाणायची. आणि रोज पहिली येऊन माझ्यापुढं बसायची.

एकच पोरगी कधी काही बोलली न्हाई. छबू. गहिनीनाथची लेक, एकोणीस-वीस वर्षांची. तिचं सासर गोदाकाठच्या एका गावात, घर खातंपितं, सोयरीक आण्णांनीच जुळवलेली. दोनदा परत आली होती. दोन्ही वेळेला बापानं समजूत घालून पोचवली. तिसऱ्यांदा पंचमीला आली ती गेलीच न्हाई. कुणी विचारलं की छबू माहेरी कावून हाय, तर गावाचं उत्तर ठरलेलं, 'ती नांदत न्हाई.' मीपण तेच म्हणायची. खोटं कशाला बोलू.

पुस्तक वाचताना ती आमच्याकडं पाठ करून बसायची आणि सुट्टीतही खडी फोडत राहायची. मला वाटायचं तिचं ध्यान न्हाई. ज्या दिवशी शेवटचं वाक्य वाचलं त्या दिवशी सुंदरबाईनं डोळ्याला पदर लावला, दगडाबाई थुंकली, आणि छबूचा हातोडा थांबला.

"मावशी, शेवटचं चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"नांदली लिवलंय ते. कडी भायेरून व्हती ना? मग ती नांदली न्हाई. तिला डांबली."

झालं. तिथून जे पेटलं ते चार दिवस विझलं न्हाई. अर्ध्या बाया म्हणायच्या नांदली, अर्ध्या म्हणायच्या डांबली. सुंदरबाई आणि दगडाबाई एका पाटीला धरून माती वाहायच्या, त्या एकमेकींशी बोलेनात. मुकादम वैतागला. टँकरच्या रांगेत थट्टाच सुरू झाली, एक घागर पुढं सरकवायची आणि विचारायची, काय गं, तू नांदतीस का डांबलीय? हसायच्या. पण हसून झालं की एखादी बाई घागर भरली तरी तिथंच उभी राहायची.

थट्टा घरापर्यंत जायचीच. धुळाजीनं एका संध्याकाळी भाकरीला उशीर झाला म्हणून शिवी हासडली. सुंदरबाईनं परात खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, मी तुमच्यात नांदते का तुमी मला डांबलीय, एकदा सांगून टाका. सरदाराच्या बाजूची बाई ही. धुळाजीला त्यातलं काही कळलं न्हाई, पण एवढं कळलं की हे पुस्तकातलं हाय. तो तडक आण्णांकडं गेला.

बाजाराच्या दिवशी काम बंद असतं. त्या दिवशी दुपारी आण्णांनी गोदामात सभा लावली. मी वही घेऊन गेले तर आत सोसायटीची माणसं होती, आणि छबूचा सासरा भगवानराव आणि नवरा सर्जेराव पण बसलेले. इस्त्रीचं धोतर, हातात पान. माझ्या लक्षात आलं की विषय एक न्हाई, दोन हायेत. बायांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपल्या दाराबाहेर येऊन बसल्या. छबू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आज ठरलं की आजच बैलगाडीत बसवणार, हे तिला माहीत होतं.

ठराव पहिला. आण्णांनी सांगितलं, अश्लील आणि बायांची डोकी फिरवणारी कादंबरी वाचनालयातून काढून जाळून टाकावी. मी लिहिलं, वाचून दाखवलं, सह्या झाल्या. पुस्तक कुठाय म्हणाले. मी म्हणलं, सुंदरबाईच्या नावावर दिलंय, सोसायटीचा नियम पंधरा दिवसांचा हाय, आज तिसरा. बाहेरून सुंदरबाई म्हणाली की तिचं अजून वाचून व्हायचंय. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि बारा दिवसांनी बघू म्हणाले.

ठराव दुसरा. आण्णा खाकरले. भगवानराव मान्यवर पाव्हणे, घराण्याचा प्रश्न, तोंडी नको, कागदावर घेऊ. लिहा, गहिनीनाथ यांची कन्या छबुबाई हिला तिच्या सासरी नांदण्यासाठी पाठवावे.

माझा हात थांबला. धाडसबिडस काही नव्हतं, खोटं कशाला सांगू. राग होता. आण्णांवर होता, त्या पान चघळणाऱ्या बापलेकांवर होता, आणि माझ्यावर पण होता. तीन महिने मीच लोकांना सांगत होते की ती नांदत न्हाई. जशी काय पोरीच्याच अंगात खोड. मी लिहिलं. लिहून उभी राहिले आणि नियमानं वाचून दाखवलं.

"सर्वानुमते ठरले की, गहिनीनाथ यांची कन्या छबुबाई हिला तिच्या सासरी डांबून ठेवण्यासाठी पाठवावे. सूचक अर्जुनराव."

मग आण्णा म्हणाले, ते खोडा. मी म्हणलं, आण्णा, खाडाखोड चालत न्हाई, नियम तुमचाच हाय. पान फाडा म्हणाले. पानाला नंबर हाय, म्हणलं. आता एकतर सही करा न्हाईतर ठराव नामंजूर करा, पण तसंही कारण लिहावं लागेल, आणि मी लिहीन.

आण्णा लालबुंद झाले. मला काय काय बोलले ते सांगत बसत न्हाई, उद्यापासून वाचनालयात पाऊल ठेवायचं न्हाई हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मग त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि गहिनीनाथपुढं सरकवली. शब्दात काय हाय, म्हणाले, आपला अर्थ सगळ्यांना ठाऊक हाय, पोरगी तुझी, तू सही कर, बाकीचे करतील.

गहिनीनाथ तसा गरीब माणूस. म्हणजे स्वभावानं. आण्णांच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्यानं पेन उचललं. वाचता येत होतं त्याला. तो त्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागला, आणि त्या एका शब्दापाशी त्याचं बोट अडकलं. मग त्यानं दाराकडं बघितलं.

"छबे, तुला कोंडलं व्हतं का?"

"व्हय."

"किती?"

"एकोणीस दिवस. दळण द्यायचे अन् कडी लावायचे. दळून झालं की भाकरी खिडकीतून."

भगवानराव लगेच बोलले की असं काही न्हाई, आमच्यात नवी सून उंडारू नये म्हणून चार दिवस वळण लावायची रीत हाय. सर्जेराव खाली बघत होता. गहिनीनाथनं त्यांचं ऐकलंच न्हाई.

"मला कावून सांगितलं न्हाईस?" त्याचा आवाज फुटला होता.

"तुमी इचारलं, नांदत कावून न्हाईस. दर बारीला तेच. कोंडलं का म्हणून कुणी इचारलंच न्हाई."

बाहेर केशरबाई, आतून कडी लावणारी, ती ढसाढसा रडायला लागली.

गहिनीनाथनं पेनाला टोपण लावलं. पाव्हण्यांना म्हणाला, ऊन कलायच्या आत निघा, वाटंत पाणी न्हाई. मग मला म्हणाला, लिहा बाई, ठराव तिसरा. छबू हितंच राहील. सूचक गहिनीनाथ.

मी लिहिलं. आण्णांनी विचारलं, अनुमोदक कोण? आपण काय करतोय ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्यादेखत आत बसलेल्या माणसांपैकी एकाचंही तोंड उघडलं न्हाई. सगळ्यांना पुढच्या सालाला बी लागणार होतं, ते आण्णांच्या हातून यायचं होतं. मी वाट बघितली. गहिनीनाथ एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. आण्णा वही मिटायला पुढं झाले.

"मी हाय की," दगडाबाई बाहेरून म्हणाली आणि उठून सरळ आत आली.

आण्णा म्हणाले, तू सभासद न्हाईस. दगडाबाई म्हणाली, मालक वारले तवा शेअर माझ्या नावावर झालाय, नोटीस तेवढी तुमी कधी धाडली न्हाई. मी कपाटातून सभासदांचं रजिस्टर काढून बघितलं. होतं तिचं नाव. अकरा वर्षं झाली होती.

शाईची डबी मी पुढं केली. खडी फोडून तिचा अंगठा इतका झिजला होता की ठसा उमटेना. पदराला पुसून तिनं पुन्हा लावला, दाबून धरला, आणि उचलला तेव्हा काळा गोल दिसला. छबू दारातच खाली बसली.

पाव्हणे उठले. आण्णाही उठले. जाताना माझ्यापुढं थांबून म्हणाले, हे सगळं त्या पुस्तकानं केलं.

मी वही छातीशी धरली आणि म्हणलं, आण्णा, तुमी ते शेवटपर्यंत वाचलं न्हाई. पुस्तक तुमच्याच बाजूचं हाय. त्यात ती सुखानं नांदते. पटलं न्हाई ते आमच्या बायांना.