आवाज मधोमध हवा

"मोजायची टेप लावू का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"गप्प बस गं. टेप कशाला? कान आहेत ना!"

माझा नवरा लोकांच्या घरी स्पीकर बसवतो. नुसत्या वायरी जोडत नाही. गाणारा दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध उभा राहून गातोय असं वाटायला हवं, ती जागा शोधतो. धंद्यात त्याला सगळे 'कानसेन' म्हणतात. टेपने मोजणं त्याला अपमान वाटतो. मी वायरी गुंडाळायला सोबत जाते, त्यामुळे ओरडा खायला मी आयतीच.

आजचं घर गाण्याच्या बाईंचं. चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या बाई, त्यांच्यापुढे चूक झाली तर धंद्यात बोभाटा व्हायला कितीसा वेळ? त्यात तासभर याचं एकच चाललेलं: "आवाज उजवीकडे, दाराकडे पळतोय." आणि खिडकीजवळचा डावा स्पीकर पुढे, अजून पुढे. आधी पडद्याचा दोष, मग काचेच्या कपाटाचा. टेप न लावताही मला दिसत होतं, डावा हातभर पुढे आलाय.

शेवटी बाई स्वतः खुर्चीत बसल्या. "अहो, ही गाणारी तर खिडकीत जाऊन गातेय!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी त्याला न विचारता टेप काढली, दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर आणले. बाईंनी डोळे मिटले. "हं. आता मधोमध."

तो बसला. "उजवीकडेच आहे."

मग उठून त्याने खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. आता खिडकी त्याच्या उजव्या हाताला होती. आवाज खरंच दाराकडे पळत असता, तर तो आता डावीकडून यायला हवा होता.

"अजून उजवीकडेच," तो हळूच म्हणाला. डाव्या कानावरून हात फिरवला. "मला वाटलं, मळ असेल."

आमचं घर त्या कानांवर चालतं, ही भीती आधी वाटली, खोटं कशाला बोलू? मग दुसरंच आठवलं. जेवायला मी त्याच्या डाव्या हाताला बसते. सहा महिने रोज भांडतेय मेली मी! "या कानाने ऐकतोस, त्या कानाने सोडून देतोस. बायकोचं बोलणं म्हणजे तुला कटकट." परवा तर दोन दिवस अबोला धरला.

बाईंनी चहा विचारला. नको म्हणून निघालो. रस्त्यात मी सवयीने त्याच्या डाव्या बाजूने चालत होते.

"चुकलं रे माझं," मी म्हणाले.

तो तसाच पुढे बघत चालत राहिला. पूर्वीची मी असते तर तिथेच फणकारले असते.

मी मागून वळसा घालून उजवीकडे गेले. "चुकलं माझं."

तो थांबला. वायरींची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"उद्या टेप विसरू नकोस," तो म्हणाला.