अठरा मिनिटांपर्यंत नऊ

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कशालाही दहापैकी दहा दिलेले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या. दहा दिले की पुढच्या वेळी तपासणारा डोळे झाकून सही करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लिफ्ट असो, हॉटेलातलं सूप असो, की मुलीने स्वतः निवडलेला नवरा, मजल नवाच्या पुढे जात नाही. मला किती दिले ते मी अजून विचारलेलं नाही.

लिफ्टच्या खालोखाल त्यांचा जीव मोठ्यांसाठीच्या कार्टून मालिकांवर. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पिटाळून मग बघायच्या, त्या. अशा दोन मालिका वर्षानुवर्षं चालल्या आहेत. एक ‘तळमजला’: ठोंब्या प्लंबर, त्याची फटकळ बायको, एकोणीस वर्षं वीस वर्षांचीच राहिलेली मुलगी आणि शिव्या देणारा पोपट. दुसरी ‘राँग नंबर’: टेलिफोन ऑफिसातले चार कामचुकार. दोन्हींच्या प्रत्येक भागाला बाबांनी वहीत मार्क दिलेले आहेत, शेऱ्यासकट. ‘तळमजला’ची पहिली आठ पर्वं म्हणजे सोनं, असा त्यांचा निकाल. प्लंबर मूर्ख होता, पण घरावर त्याचा जीव होता. नवव्या पर्वापासून तो नुसताच मूर्ख उरला, बायको नुसतीच ओरडू लागली, आणि आधी भागात एकदाच चोच उघडणारा पोपट गप्प बसेना. ‘राँग नंबर’ पहिल्या दिवशी साडेपाचवर होती आणि सतरा वर्षांनीही साडेपाचवरच आहे. ‘तळमजला’ घसरली, कारण ती वर गेली होती. ‘राँग नंबर’ बेसमेंटमधून हललीच नाही. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, त्या आठ वर्षांत थोरली मुलगी, म्हणजे माझी बायको, घरी होती, दोघं मिळून बघत होतात, म्हणून ती पर्वं गोड लागत असतील. बाबांनी वही उघडली. मुलगी सहलीला गेलेली, मुलगी रुसलेली, मुलीला कांजिण्या, सगळ्याची नोंद होती आणि मार्कांत काडीचा फरक नव्हता. मी विषय बदलला.

अडचण अशी, की ‘तळमजला’ मी लिहितो.

एकटा नाही, सहा जणांतला एक. तोही तेराव्या पर्वापासून. बाबांना याचा पत्ता नाही. पहिल्यांदा त्यांना भेटायला गेलो तेव्हा चहा यायच्या आतच ते म्हणाले होते, की नवव्या पर्वापासून हे जे कोणी लिहितात त्यांना दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये कोंडून ठेवलं पाहिजे. मग त्यांनी विचारलं, आपण काय करता. मी म्हटलं, वॉशिंग मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तकं लिहितो. वॉशिंग मशीनच का, ते देव जाणे. बायको, म्हणजे तेव्हा होणारी बायको, माझ्याकडे बघतच राहिली, पण तिने मला तोंडघशी पाडलं नाही. तेव्हापासून सात वर्षं तमाम नातेवाइकांची वॉशिंग मशीनं माझ्या गळ्यात आहेत. आता मला त्यातलं बरंच कळतं. मालिकेच्या शेवटी लेखकांची नावं धावतात तेव्हा बाबांची मान मार्क लिहायला वहीत असते, म्हणून निभावलं.

दुसरी भानगड याहून मोठी होती. नववं पर्व संपल्यापासून दरवर्षी आमच्या ऑफिसात एक पत्र येतं. खाली सही, ‘एक जुना प्रेक्षक’. भागवार मार्क, दोष आणि सुचवलेली दुरुस्ती. आमची मुख्य लेखिका, जिला आम्ही हेडबाई म्हणतो, ते पत्र सगळ्यांना उभं करून वाचून दाखवते आणि बोर्डाला टाचते. चॅनेलचे आकडे ती केराच्या टोपलीत टाकेल, पण जुना प्रेक्षक म्हणेल ते खरं. मी पहिल्यांदा ती पत्रं पाहिली तेव्हा चौकोनात बसवल्यासारखं बाबांचं अक्षर ओळखलं आणि घाम पुसला. तिथेही तोंड उघडलं नाही. दोन्हीकडे गप्प राहायची हळूहळू सवय होते.

यंदा त्या पत्राला माझी खुर्ची टांगलेली होती. चॅनेलने पुढचं पर्व निम्मं केलं, म्हणजे सहापैकी तिघे घरी. हेडबाई म्हणाली, प्रत्येकाने एकट्याने लिहिलेला एकेक भाग बघून ठरवीन, आणि त्याआधी पत्र येऊ दे. माझा भाग अकरावा. एकोणीस वर्षांनी प्लंबरची मुलगी घर सोडून दुसरीकडे खोली घेते, तो.

तो भाग मला कुठे सुचला ते सांगून टाकतो. दर रविवारी सकाळी बाबा आमच्या इमारतीत येतात. वर आमच्या घरी नाही, खाली लिफ्टपाशी. आवाज बरोबर येत नाही म्हणतात. दाराला कान लावतात, आत टॉर्च मारायला सांगतात, मग तासाभराने वर येऊन चहा घेतात. आमची लिफ्ट नवीकोरी आहे. बायको सात वर्षं दर रविवारी खाली जाऊन टॉर्च धरते आहे.

पर्व संपत आलं आणि बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या, म्हणून दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायला मी त्यांच्याकडे मुक्काम टाकला. डॉक्टरांनी सहा आठवडे टीव्ही आणि लिहिणं-वाचणं बंद सांगितलं होतं. बाबा नियमाचे पक्के. शेवटचे चार भाग त्यांनी टीव्हीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ऐकले. बघायची बंदी आहे, ऐकायची नाही, असा त्यांनी अर्थ लावला.

मग एका दुपारी थेंब घालून झाल्यावर ते म्हणाले, “जावईबापू, एक काम करा. कागद घ्या. एक पत्र सांगतो.”

कागद घेतला. बाबा भिंतीकडे बघत सांगत गेले आणि मी माझ्याच मालिकेची हजेरी माझ्या हाताने लिहून घेऊ लागलो. पहिला भाग पाच. दुसरा साडेचार, पोपट अनावर. तिसऱ्यातला लग्नाचा वाढदिवस तिसऱ्यांदा झाला आहे, लिहिणाऱ्यांनी निदान जुने भाग बघावेत. माझा सहकारी, ज्याने तो लिहिला, त्याची मला कीव आली आणि, लपवत नाही, जरा बरंही वाटलं. दहाव्यापर्यंत कोणी साडेसहाच्या वर गेलं नव्हतं.

अकराव्यापाशी बाबा थांबले. म्हणाले, चित्र दिसत नव्हतं ते बरंच झालं. चालत्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभं राहिलं की रुळांचा सांधा कुठे आहे ते कळतं, तसं झालं. “लिहा. अठरा मिनिटांपर्यंत नऊ. कित्येक वर्षांत असं काम ऐकलं नाही. पुढे तीन. अठराव्या मिनिटाला लिहिणारा कोणाला तरी घाबरला आणि त्याने पोपट आणून बसवला. हे जोडकाम आहे.”

माझं पेन थांबलं. कारण ते शब्दशः खरं होतं. मूळ शेवटात पोपट नव्हताच. पण गेल्या वर्षीच्या पत्रात जुन्या प्रेक्षकाने लिहिलं होतं, ‘अलीकडे रडारड फार’. ते वाक्य आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर बोर्डावर होतं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी कच खाल्ली, शेवट कापला आणि पोपटाचे तीन विनोद चिकटवले.

आणि आता जे केलं त्याची लाज वाटते, पण केलं. ‘अकरावा भाग: नऊ. कित्येक वर्षांत असं काम ऐकलं नाही.’ एवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला. बाबांनी अंदाजाने सही केली. मीच पत्र पेटीत टाकलं.

माणूस लबाडी करताना मजकुराकडे इतकं लक्ष देतो, की अक्षर आपलंच आहे हे विसरतो. आमच्या लेखकांच्या खोलीत सगळ्या दुरुस्त्या हाताने होतात. सात वर्षं माझं अक्षर सगळ्यांच्या समोर नाचतंय. माझा ‘ळ’ मोडक्या चष्म्यासारखा दिसतो, आणि ‘तळमजला’ हा शब्द त्या पत्रात चौदा वेळा होता. हेडबाईने पत्र वाचून दाखवलंच नाही. मला आत बोलावलं, पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी माझी एक जुनी संहिता.

“सगळ्यांना पाच आणि स्वतःला नऊ,” ती म्हणाली. “निदान आठ तरी द्यायचेस.”

मी म्हटलं, लिहिलं मी, पण सांगितलं दुसऱ्याने. कोणी, म्हणाली. माझ्या सासऱ्यांनी, म्हटलं. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की खोटं बोलत असतो तर परवडलं असतं. शेवटी ती म्हणाली, उद्या अकरा वाजता त्यांना इथे आण. नाही आणलंस तर टेबल रिकामं करून ठेव.

घरी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली, की पलंगावर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, “सात वर्षं मी वाट बघतेय. आता जा आणि सांग. मी नाही येणार, तुझं तू निस्तर.”

संध्याकाळचे थेंब घातले आणि बाबांना सांगितलं. वॉशिंग मशीनपासून पूर्णविरामापर्यंत सगळं. ते काळ्या चष्म्याआडून ऐकत होते, त्यामुळे चेहरा कळेना. मालिकेवरून बोलतील, खोट्यावरून बोलतील, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. ते फक्त म्हणाले, की सात वर्षं लिहिणारा माणूस माझ्या घरात जेवत होता आणि मी त्याला पोस्टाने पत्रं पाठवत होतो. मग उठून खोलीत गेले. रात्री जेवताना त्यांनी मला एकदाच हाक मारली, “लेखकमहाशय, मीठ द्या.” सात वर्षांचं जावईबापू एका संध्याकाळीत गेलं, आणि खुर्चीपेक्षा मला त्याचंच जास्त लागलं.

सकाळी आम्ही ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो. बाबांनी भिंतीला तळहात टेकला. वर पोचल्यावर म्हणाले, सात. दाराला तेल घाला. माझ्याशी त्या दिवशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

हेडबाई उभीच राहिली. बोर्डावर दहा वर्षांची दहा पत्रं होती. बाबांनी चष्मा काढून अगदी जवळ जाऊन एकेक पाहिलं आणि पुन्हा घातला. तिने विचारलं, अकराव्या भागाला नऊ तुम्हीच दिलेत का. बाबा म्हणाले, “अठरा मिनिटांपर्यंत. पुढे तीन. ते यांनी गाळलं.”

खोलीत सगळे होते. तिसरा भाग लिहिणारा तर आनंदाने चवड्यांवर उभा होता. हेडबाईने मला विचारलं, का गाळलंस. मी म्हटलं, खुर्चीसाठी. मग बाबांनी विचारलं, “आणि पोपट का बसवलात? कोणाला घाबरलात?”

“तुम्हाला,” मी म्हटलं.

मग गेल्या वर्षीचं ते वाक्य वाचून दाखवलं. बाबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. एवढ्या वर्षांत स्वतःच्या अहवालातला दोष त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. हेडबाई म्हणाली, जो शेवट कापलास तो सांग, इथे, आत्ता.

कागद नव्हता. तोंडीच सांगितला. मुलीच्या नव्या खोलीत प्लंबर येतो. नळ गळतोय म्हणतो. नळ गळत नसतो. तो हत्यारं काढतो, नळ उघडतो, घट्ट करतो, पुन्हा उघडतो. मुलगी काही बोलत नाही. ती बादली आणते आणि कोरड्या नळाखाली धरून उभी राहते. तो म्हणतो, पुढच्या रविवारी पुन्हा बघायला लागेल. ती म्हणते, या. संपलं.

बोलून झाल्यावर मला बाबांकडे बघायचा धीर होईना. आपण काय सांगून बसलो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्यांनी विचारलं, “बादली मुलीनेच धरली?”

“हो.”

“तिला माहीत होतं, नळ गळत नाही?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि बोलून दाखवलं नाही?”

“नाही बाबा. एकदाही नाही.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्म्याखालून डोळा टिपला. ऑपरेशनचा नव्हे, दुसरा. हेडबाईने मला सांगितलं, की पुढच्या पर्वाचा पहिला भाग हाच, नव्याने, या शेवटासकट, आणि पूर्णविराम नको तिथे दिलेस तर हाकलून देईन. म्हणजे खुर्ची राहिली. मला बरं वाटलं, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

बाबांनी आतल्या खिशातून वही काढली. लिहायला अजून बंदी होती, म्हणून ती माझ्यापुढे धरली.

“लिहा, जावईबापू. साडेनऊ.”

मी लिहिलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही नवाच्या वर कधी जात नाही.

“घरचा माणूस म्हणून अर्धा कापला,” ते म्हणाले, आणि लिफ्टकडे चालू लागले.