वासावर लावलेलं इंजिन

“आजकालच्या पेट्रोलले वासच नाही राहिला वं,” बॉनेटखाली वाकलेले नत्थूजी पुटपुटले. सून मयुरा शेजारीच वाकलेली, म्हणून तिला ऐकू आलं. एरवी हे कुणाला ऐकवायचं वाक्य नव्हतं.

“इथेनॉल घालतात ना मामाजी, त्यानं असन,” ती म्हणाली.

सासऱ्यांचं असं वाक्य अलगद झेलायची तिला सवय झाली होती. घरात सगळ्यांनाच झाली होती. गेल्या थंडीत नत्थूजींना ताप आला, आठवडाभर राहिला, आणि जाताना नाक घेऊन गेला. करपलेली डाळ ते चवीनं जेवले तेव्हा सासूबाईंनी मयुराकडे पाहिलं, मयुरानं नवऱ्याकडे, वसंतकडे, आणि वसंतनं आपल्या ताटाकडे. त्यावर बोलणं व्हायचं ते अजून राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर फार तर अत्तराचा खर्च वाचला असता. पण सक्करदऱ्यातलं हे गॅरेज नत्थूजींच्या नाकावर उभं होतं. सायलेन्सरचा धूर हुंगून इंजिन पेट्रोल जास्त पितं की कमी, हे ते सांगत, आणि लोक त्यासाठी लांबून गाड्या आणत. गॅरेजचा रिवाजही तोच. इंजिन उघडून परत जोडलं की नत्थूजी वाकून वास घेणार, ‘चालते’ म्हणणार, आणि मगच किल्ली फिरणार. वसंतच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी हा शब्द त्यानं कधी स्वतःच्या तोंडून काढला नव्हता. नाक गेलं म्हणायचं, तर मग या माणसानं सकाळी शटर उघडून करायचं काय, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. म्हणून कुणी म्हणत नव्हतं.

मयुरानं त्यावर आपल्यापरीनं तोड काढली होती. धुरावरून पेट्रोल आणि हवेचं प्रमाण दाखवणारं एक मीटर तिनं आणलं आणि वाकलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल असं टांगलं. नत्थूजी धूर हुंगत, तिरक्या नजरेनं आकडा बघत आणि म्हणत, “जरा कमी पिऊन राहिली.” मग ती म्हणे, “मीटरही तेच म्हणून राहिलं मामाजी.” पुष्कळ संसार याहून कमी भांडवलावर चालतात.

आजची गाडी गौरांगची होती. गौरांग दातांचा डॉक्टर, सदरमध्ये दवाखाना. जुन्या सेडानला त्यानं टर्बो बसवून घेतला होता आणि आता रविवारी मित्रांसोबत शर्यतीच्या पट्टीवर जायचं होतं.

“वहिनी, हजार सीसीचे इंजेक्टर टाकू ना. सबसे बडे.”

“काहून? सदरच्या सिग्नलवर उभं राहायचं नाही का तुम्हाले?” मयुरा म्हणाली. “इंजेक्टर म्हणजे पिचकारीच. तोंड जेवढं मोठं, तेवढी बारीक धार धरता येत नाही. उभ्या गाडीले चमचाभर पाहिजे आणि तुम्ही बादली घेऊन आले. तुमच्या टर्बोले साडेपाचशेचे पुरतात, वर थोडी जागाही उरते.”

“दोस्तांना काय सांगू मग?”

“हजारचे आहेत म्हणून सांगा. तोंड उघडून पाहायची सवय तुम्हाले आहे, त्यांना थोडीच आहे.”

गौरांग हसला आणि साडेपाचशेवर आला. नत्थूजींनी इंजेक्टर एकेक करून बसवले. वसंतनं पंप थेट बॅटरीवर चालवला, आणि मयुरानं रेग्युलेटरचा स्क्रू फिरवत दाबाचा काटा तीन बारवर आणून ठेवला. इंजेक्टरवरचा साडेपाचशेचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल सुटतं तो, याच दाबाचा. दाब हलला की आकडा खोटा. तिनं नट आवळला, वसंतनं पंप बंद केला, आणि ती किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसली.

तेवढ्यात खिडकीतून पेट्रोलचा वास आला. गोडसर, ओला, सरळ डोक्यात जाणारा.

नत्थूजी इंजिनावर वाकले. दमानं श्वास घेतला. सरळ झाले.

“चालते.”

किल्ली फिरली नाही. मीटर मुकं होतं. इंजिन चालू झाल्याशिवाय ते काही बोलत नसे. वसंत पान्यांच्या रांगेकडे बघत राहिला.

“काका, वास—” गौरांगनं सुरुवात केली, आणि वसंत एवढ्या जोरात खोकला की त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

मयुरानं बाहेर येऊन काट्याकडे पाहिलं. पंप बंद झाल्यावरही काटा तीनवर थांबायला हवा होता. तो सरकत दोनच्या खाली आला होता. तिला हायसं वाटलं. बोलायला काहीतरी मिळालं होतं.

“मामाजी, काटा उतरून राहिला. कुठंतरी गळत असन.” किल्ली तिनं ओढणीच्या टोकात बांधून टाकली.

यावर ‘बरं झालं, काट्यानं सांगितलं’ एवढं म्हणता आलं असतं, आणि चौघं चहाला गेले असते. पण नत्थूजींचं काट्याकडे लक्ष नव्हतं. ते वसंतच्या हाताकडे बघत होते. खोकता खोकता त्यानं कोपऱ्यातली, आग विझवायला ठेवलेली वाळूची बादली उचलली होती, मयुरा काट्याबद्दल बोलली त्याच्याही आधी.

नत्थूजी पुन्हा वाकले. इंजेक्टरांच्या माथ्याशी, पेट्रोलची नळी जोडते तिथं, एकेक करून बोट फिरवत गेले. दुसऱ्यापाशी थांबले. रबराची रिंग बसवताना चिमटली होती आणि पेट्रोल झिरपून खाली ओघळत होतं. बोटं ओलीगच्च होऊन वर आली. ती त्यांनी नाकाशी धरली. जवळ नेली, थोडी लांब केली, पुन्हा जवळ आणली, चष्मा विसरलेल्या माणसानं लग्नपत्रिका धरावी तशी. कुणीच दुसरीकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी बोटं फडक्याला पुसली, एकेक.

“मले वास नाही येत वं मयुरा,” ते म्हणाले. “त्या तापापासून. काहीच नाही येत.”