रामीच्या डोक्यावरची पेटी

"आता सांगतो ते तुमच्यातला एक पण माणूस खरं मानायचा नाय," फागू म्हणाला आणि रस्त्याकडेच्या दगडावर दोन्ही पाय वर घेऊन ऐसपैस बसला. "मानलंत तं मी मिशी उतरवीन."

"मिशी कुठं हाय ती आधी दाखव," गोदी म्हणाली. "मंग उतरव."

सगळे हसले. हसायला सवड भरपूर होती. जव्हारहून मोखाड्याला निघालेली खाजगी मिनीबस घाटाच्या दुसऱ्या वळणावर पंक्चर होऊन बसली होती. स्टेपनी काढली, तर तीही आधीपासूनच बसलेली. ड्रायव्हर दिपेशने दोन्ही चाकं एका जीपवाल्याबरोबर परत जव्हारला धाडली होती. ती येईपर्यंत दहा-बारा माणसं सागाच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत टेकली होती. गोदी आपली सुक्या मासळीची पाटी मांडीशी घेऊन बसली होती आणि तिच्या आसपास आपोआपच जागा मोकळी राहिली होती.

फागूच्या थापा पोशेऱ्यापासून दाभोशापर्यंत माहीत नाहीत असं माणूस नव्हतं. दाभोशाच्या धबधब्यात वरून पडलेला फणस खाली पोचेस्तोवर सोलून, गरे वेगळे होऊन आला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका उन्हाळ्यात त्याची सावली पाणी प्यायला विहिरीत उतरली ती दोन दिवस वर आली नव्हती, आणि ते दोन दिवस बिचाऱ्याला उन्हात एकट्यानेच फिरावं लागलं होतं. असा हा माणूस. तो तोंड उघडायचा अवकाश, लोक आधीच हसून ठेवत.

पण आज त्याच्या पोटात निखारा होता.

गेल्या बुधवारी याच बसमध्ये, याच रस्त्याला, रॅकवरची एक पेटी त्याच्या बायकोच्या डोक्यावर पडली होती. आठ टाके. रामी अकरा वर्षं पाड्यावरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती आणि त्या दिवशी जव्हारहून शाळेसाठी मोठा झारा घेऊन येत होती. पेटी पडली तेव्हा ओरडायलाही तिला सुचलं नाही. मोखाड्याला उतरली तेव्हा पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती. स्टँडवर तिला दोनदा ओकारी झाली. काय झालं म्हणून कोणीतरी विचारलं, तर तोंडातून एवढंच निघालं, "लागली… लागली मला."

पेटी लागली, असं म्हणायचं होतं तिला. पण तोंडातून अर्धंच आलं. आणि या मुलुखात दगडही लागतो नि ताडीही लागते. स्टँडवरच्या लोकांनी आपल्या सोयीची घेतली. "बघा, स्वतःच्या तोंडाने सांगते," म्हणाले. रक्त अंबाड्यात नि गडद पदरात मुरलं होतं. काळ्या केसांतलं लाल कोण बघतो? दवाखान्यातल्या नर्सबाईने केस बाजूला करेपर्यंत बातमी डोंगर चढून पाड्यावर पोचलीसुद्धा होती: शाळेची स्वयंपाकीण ताडी पिऊन स्टँडवर पडली.

दवाखान्याचा कागद फागूच्या खिशात होता. 'पडल्यामुळे डोक्यास जखम.' पेटी पडली की रामी पडली, ते लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. वाचणारा जो तो रामीलाच पाडत होता.

उद्या अकरा वाजता शाळेच्या समितीची बैठक होती, आणि विषय एकच होता: दुसरी बाई बघायची. रामी घरी भिंतीकडे तोंड करून पडून होती. आयुष्यात ज्या बाईने ताडीचं मडकंही हुंगलं नाही, ती म्हणत होती, "मीच उठली असंन मधी. माझीच चूक असंल." हे ऐकलं तेव्हापासून फागूला अन्न गोड लागत नव्हतं.

पाच दिवस तो खरं सांगत फिरला होता. न फुगवता, न वळवता, जसं झालं तसं. आयुष्यातली पहिलीच वेळ ती, आणि एका माणसाला खरं वाटेल तर शपथ! दिपेशला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, मी गाडी चालवू का मागं कोणाच्या डोक्यावर काय पडतं ते बघू?" त्या दिवशीचे बाकीचे उतारू कोण नि कुठले, ते कोणाला आठवेना. मोखाड्यातल्या दुकानांत विचारलं, तर प्रत्येकाचं एकच, "पेटी? कसली पेटी?" या बसची रीतच तशी. जव्हारचे तीन व्यापारी हिच्यातून माल धाडत. इकडे पेटी चढवायची, तिकडे दुकानाच्या माणसाने उतरवून घ्यायची. चिठ्ठी नाही, नाव नाही. माल नीट पोचला की तो शेठचा, आणि कोणाचं डोकं फुटलं की तोच माल बेवारस.

त्या तीन व्यापाऱ्यांपैकी एक आज समोरच उभा होता. कांतीलाल शेठ. जव्हारला भांड्यांचं जुनं दुकान, आणि दिवाळीपासून मोखाड्याला नवी शाखा. रेंज नसलेला फोन उंच धरून तो सावलीच्या कडेने येरझाऱ्या घालत होता. पलीकडे छत्री उघडून शाळेच्या मुख्याध्यापिका आशालताबाई बसल्या होत्या. रोज जव्हारहून यायच्या-जायच्या. बाई वाईट नव्हत्या. नियमाच्या होत्या.

"तं ती पेटी," फागूने सुरुवात केली, "साधी पेटी नव्हती. बसमदी चढली ती स्वतःच्या पायानं."

"तिकीट काढलंन का?" गोदीने विचारलं.

"सामानाला कुठं तिकीट असतं, गोदीबाय? तिकीट माणसानं काढायचं, आन डोकं पण माणसानंच द्यायचं."

कोणीतरी खुदकन हसलं. फागू हसला नाही.

"चढली ती नीट रॅकवर जाऊन बसली. रॅक वीतभर, पेटी हातभर. अर्धी रॅकवर आन अर्धी हवेत पाय सोडून. रामी तिच्या खाली. रामी बोलली, दिपेशभाऊ, ही पेटी पडंल रं. दिपेश बोलला, नाय पडत, रोजची हाय."

दिपेश जॅकपाशी उकिडवा बसला होता, तिथूनच म्हणाला, "ओ बाबा, गोष्ट सांगता का कंप्लेंट करता?"

"कंप्लेंट केली ना पाच दिस. कोणी ऐकली नाय. आता गोष्ट ऐका."

"ऐकू दे रे," गोदी म्हणाली. "चाक येईस्तोवर कुठं जायचंय तुला?"

"मंग आला खड्डा," फागू म्हणाला. "आपल्या रस्त्याचा खड्डा. त्यात उतरलेली म्हैस पल्याडच्या पाड्यात निघते. बस उडाली, पेटी उडाली. पेटी टपाला लागली आन तिथंच थांबली."

"हवेत?"

"हवेत. इचार करायला. खाली वाकून तिनं बघितलं, कोण कोण बसलंय. पुढं एक मास्तर. यांच्यावर पडू का? नको, मास्तर अर्ज लिवंल. त्याच्या मागं कचेरीतला साहेब. नको रे बाबा, चौकशी लागंल. खिडकीला एक शेठाणी. तिला खरचटलं तं बस जाळतील. अशी एकेक डोकी मोजत मोजत आली, आन मंग तिला दिसली रामी. डोक्याला पदर, मांडीवर शाळेचा झारा. पेटी बोलली, हां! हिच्यावर पडलं तं कोण इचारतो? लोकच बोलतील, ताडी प्यायली असंल."

आता कोणी हसलं नाही. गोदीने पाटीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

कांतीलालने फोन खिशात टाकला. "अरे, पेटी काय माणसं बघून पडते का? वस्तू आहे ती. धक्का बसला की पडणार. प्रवासात इकडेतिकडे व्हायचंच. आपण सावध बसावं."

"शेठ, तुमच्यावर कधी पडली?"

"मी पुढे बसतो."

"तं मंग," फागू म्हणाला.

"तं मंग काय? उगाच कोणाच्याही नावाने शिमगा करायचा? बाई सावध नव्हती, हे तर सगळा मोखाडा सांगतो. मी बोलत नाही, लोक बोलतात."

उठून या माणसाच्या शर्टाला हात घालावा असं फागूच्या मनात येऊन गेलं. पण शर्टाला हात घातला असता तर उद्याच्या बैठकीला दोन विषय झाले असते. तो बसल्या जागी बसून राहिला.

"फागूबाबा," आशालताबाई म्हणाल्या, "आता चेष्टा पुरे. मला काय आनंद आहे का रामीबाईंना काढण्यात? अकरा वर्षांत त्यांच्या हातचं मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. पण समितीतले चौघे म्हणतात ती प्यायली होती, आणि तुम्ही म्हणता पेटी पडली. तुमचं बोलणं…" त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तुमचं बोलणं लोक कसं घेतात, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याची पेटी होती त्या माणसाने माझ्यासमोर एकदा हो म्हणू दे. मी तो विषय घेणारच नाही. माझा शब्द."

"हो म्हणला पायजे?"

"त्याने स्वतः."

फागूने मान हलवली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून कांतीलालकडे पाहिलं. शेठ बुटाला लागलेली धूळ दुसऱ्या बुटाने झाडत होता. याचीच असेल? बाकीच्या दोघांपैकी कोणाची असेल? फागूला ठाऊक नव्हतं. खऱ्याने तर कोणी हललं नव्हतं. मग पाच दिवस घडी घालून ठेवलेली आपली जुनी विद्या त्याने बाहेर काढली.

"बाई, पेटी कोनाची ते मला नाय ठावं," तो म्हणाला. "पन पेटीत काय होतं ते ठावं हाय."

दिपेशच्या हातातला पाना खणकन खाली पडला.

"रामीचं लुगडं मी धुतलं," फागू सावकाश बोलू लागला. "माझ्या हातानं. तीन पाणी काढलं, वास जाईना. पदर नाकाला लावला. कसला वास? मोहाचा. पहिल्या धारेचा!"

लुगडं त्याने खरंच धुतलं होतं. वास आला होता तोही खरा. पण तो रक्ताचा होता, आणि साबण लावला तरी गेला नव्हता.

"अगं बाय!" गोदी म्हणाली. "म्हंजे ती प्यायलीच होती की!"

"गोदीबाय, माणूस तोंडानं पितो का पाठीनं? वास कुठं होता, पाठीकडल्या पदराला. पेटी डोक्यावर आदळली, आत बाटली फुटली आन धार लागली रामीच्या पाठीवरनं खाली. म्हणून तं स्टँडवर वास सुटला. प्यायली होती ती पेटी, रामी नाय! छत्तीस बाटल्या होत्या, भुश्शात घातलेल्या. वरनं खोकं कसं, तं देवाघरचं वाटावं. आन आत मोह."

"दारू? या बसमधून?" मागून कोणी तरी विचारलं.

"दर बुधवारी. म्हणून तं कोणी सांगत नाय पेटी कोनाची ते. साध्या मालाला कोण लपवंल? भांडीकुंडी असती तं बोलला असता ना मालक, बाबा माझी पेटी, चुकून पडली, बाईला लागलं, वाईट झालं. दोन शब्दांचं काम. गप का राह्यला?"

हे मात्र सगळ्यांनाच पटलं. लोकांच्या माना एकमेकांकडे वळल्या. दिपेश उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, माझ्या गाडीचं नाव नका घेऊ हां, मला काय माहीत नाय पेटीत काय असतं ते. मी खोलून थोडीच बघतो?"

"तुझं नाव नाय घेतलं मी. पोलीस पाटलाला इतकंच बोललो, बुधवारी या बसची पेटी मोखाड्यात ज्या दुकानात उतरली, तिथं जरा हुंगून बघा. आज दुपारी येतो बोललाय साहेबांना घेऊन. जीप आणतात का गाडी, ते नाय सांगितलं."

"तरीच," गोदी गालावर हात ठेवून म्हणाली, "मी बोलते, मोखाड्यात नवी दुकानं एवढी चालतात कशी."

कोणी नाव घेतलं नाही. पण मोखाड्यातलं नवं दुकान म्हटल्यावर डोळे आपोआप जिकडे जायचे तिकडे गेले. एक म्हातारा सरकून लांब बसला. कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी लागलं. आशालताबाईंनी छत्री मिटली आणि त्याही बघू लागल्या.

फागू तेवढा बघत नव्हता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"छत्तीस बाटल्या," तो पुन्हा म्हणाला, जणू स्वतःशीच. "त्यातल्या पाच-सहा तरी फुटल्या असतील. खोकं वल्लं झालं असंल. दारू भिजलेलं खोकं लपत नाय. साहेब बरोबर…"

"खोटं!"

कांतीलाल शेठ सावली सोडून भर उन्हात आला होता. मानेपासून कानापर्यंत लालबुंद झाला होता.

"साफ खोटं बोलतोय हा म्हातारा! बाई, तुम्ही याचं ऐकू नका. कसली दारू न कसला मोह? आमच्या घरात कोणी कांदा खात नाही! दोन मिक्सर होते त्या पेटीत, सीलबंद, मी स्वतः माझ्या हाताने रॅकवर ठेवली, या दिपेशला विचारा! खोकं ओलं होतं ते दारूने नाही, त्या बाईच्या रक्ताने! मी माझ्या रुमालाने पुसलंय!"