बोटावरचं विष

लाखनीला हायवेलगतच्या लॉनवर दर मंगळवारी मांडव पडायचा, आणि सकाळी नऊनंतर येणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळायची नाही. मांडवात एक टेबल, त्यावर काचेच्या वाट्या, वाट्यांत गर्द निळा चहा. रांगेतल्या माणसाने उजव्या हाताचं पहिलं बोट वाटीत बुडवून घोळवायचं. निळा चहा बघता बघता हिरवा व्हायचा, माणसाचा चेहरा पडायचा, आणि मागची रांग हात जोडायची.

"शंकरानं विष पेलं, कंठ निळा झाला," जीवन महाराज माइकवर सांगत. "हा नीलकंठी चहा तुमच्या आंगातलं विष ओढते अन् हिरवा होते. कायचं विष? कॉफीचं. इंग्रजानं आणलं, तुमच्या नसानसांत भरलं. बीपी कॉफीनं, शुगर कॉफीनं, घुडगे कॉफीनं."

आता लाखनीच्या आसपास रोज कॉफी पिणारी माणसं धुंडाळूनच काढावी लागतील. घरोघरी सकाळ उगवते ती चहाने. पण आपल्या अंगात साधंसुधं नाही, साहेबलोकांचं विष आहे म्हटल्यावर लोकांना दुखण्यातही जरा मान वाटू लागला होता. उपाय सोपा होता. महाराजांची पुडी घ्यायची, तोच चहा प्यायचा, बाकी सगळी औषधं बंद. दोन-तीन आठवड्यांनी परत यायचं, तांब्यातल्या 'शुद्धजला'त हात बुडवायचा, न पुसता वाटीत बोट घालायचं. चहा गुलाबी झाला की माणूस बरा.

दीपमाला मेश्राम रांगेत उभी होती ती नाइलाजाने. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तिचे केस पिकायला आले होते. भिंतीवर उमटलेला पंजा, दूध पिणारा नंदी, रात्रीतून निघणारं गुप्तधन, सगळं तिने एकेकदा समजावून सांगितलं होतं. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुढल्या वर्षी नव्या महाराजाकडे जायचे. यापुढे कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. तेवढ्यात रीतावहिनीचा फोन आला. विनोददादाने बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

विनोद तिचा थोरला भाऊ. रात्री ट्रक चालवायचा आणि डोळा लागू नये म्हणून ढाब्याढाब्यावर कॉफी ढोसायचा. त्यामुळे महाराजांचं बोलणं त्याच्या काळजाला भिडलं. त्याने कॉफी सोडली, हे चांगलंच केलं. पण गोळीही सोडली. त्यांच्या वडिलांनीही अशीच एकदा गोळी सोडली होती. मग लकवा मारला, आणि एवढा धिप्पाड माणूस शेवटपर्यंत खाटेवर पडून दुसऱ्याच्या हाताने जेवला. ती खाट दीपमालाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"दीक्षाभूमीले जाता, बावीस प्रतिज्ञा म्हणता, अन् इथं येऊन बोट बुडवता?" तिने रांगेतच विनोदला विचारलं.

"हे देवाधर्माचं नाई व," विनोद समजुतीने म्हणाला. "आयुर्वेद आहे. तुले सगळ्यातच खोट दिसते."

त्यांच्या पुढे आंधळगावचे परसरामजी होते, म्हातारे धानवाले शेतकरी. त्यांनी जन्मात कॉफी चाखली नव्हती, तरी त्यांची वाटी हिरवीगार झाली. महाराज अडले नाहीत. सून पीत असेल, म्हणाले, वाफेतून चढते. परसरामजींची सून चहासुद्धा पीत नव्हती, पण माइकपुढे एवढं कोण बोलणार?

मग दीपमालाचा नंबर आला. सकाळपासून तिच्या पोटात दोन पेले कॉफी गेली होती. तिने बोट घातलं. चहा निळाच राहिला.

"ही बाई निर्मळ आहे," महाराज म्हणाले, आणि लोकांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. तिला हसूही आलं नाही.

विनोदची ही दुसरी खेप. त्याने तांब्यात हात बुडवला, बोट वाटीत घातलं, चहा गुलाबी झाला. त्याचा चेहरा उजळला. ती गुपचूप घरी आली.

घरी तिचाही वेगळा घोळ चाललाच होता. पित्त वाढल्यामुळे भंडाऱ्याच्या डॉक्टरने तिला कॉफी कमी करायला सांगितली होती, आणि पेपर तपासताना हाताशी काहीतरी गरम हवंच. तिने गवती चहा करून पाहिला, तो ताप आल्यावर प्यायचा काढा वाटला. आल्याच्या चहाने छाती जास्तच जळाली. बडीशेपेच्या चहात बाळंतिणीचा वास. शेवटी शेजारच्या उर्वशीने कुंपणावरची गोकर्णाची फुलं वाळवून दिली होती, ती तशीच पडून होती. संध्याकाळी तिने ती उकळत्या पाण्यात टाकली, आणि पाणी निळंगार झालं.

ती पेल्याकडे बघत राहिली. चव म्हणाल तर काहीच नव्हती, म्हणून तिने लिंबू पिळलं. चहा गुलाबी झाला. शुद्धजल ते हेच. आता हिरव्याचं कोडं राहिलं. आम्लाने गुलाबी होतो तर अल्कलीने हिरवा होणार, एवढं ती दर वर्षी मुलांना शिकवत होती. पण रांगेतल्या लोकांच्या बोटाला अल्कली कुठून लागणार? आणि मग तिला रांग आठवली. तासन्‌तास ताटकळलेली माणसं काय करत होती? तंबाखू घोटत होती, खर्रा चघळत होती, पहिल्या बोटाच्या टोकावर डबीतला चुना काढत होती. तिने उर्वशीच्या घरून नखभर चुना मागून आणला आणि दुसऱ्या पेल्यातल्या निळ्या चहात घातला. चहा हिरवा झाला.

पुढच्या मंगळवारी ती पिशवीत लिंबू टाकून गेली. अंगात उत्साह असा नव्हताच. विनोदला मात्र तिने हट्टाने सोबत नेलं. महाराजांनी निर्मळ बाईला ओळखलं, सगळ्यांना दाखवायला तिच्यापुढे वाटी केली. बोट बुडवलं, चहा निळाच. मग तिने विनोदकडे चुन्याची डबी मागितली, तेच बोट चुन्याला लावलं आणि त्याच वाटीत परत घातलं.

वाटी हिरवी झाली.

"माह्या बोटाले आताच्या आता कॉफी कुठून लागली, महाराज?" तिने विचारलं आणि वाटीत लिंबू पिळत राहिली. आधी चहा निळा झाला, मग जांभळा, मग गुलाबी. "अन् मी बरीही झाली. औषध न घेता."

जिथे शंका येते तिथे अमृतही रंग सोडते, असं महाराज म्हणाले. काही माना डोलल्या. डोलणारच, तिला वाटलं. मग ती परसरामजींकडे वळली.

"महाराजानं तुमाले कॉफी सोडा म्हटलं, गोळ्या सोडा म्हटलं. तंबाखू सोडा म्हटलं का?"

परसरामजींनी बराच विचार केला. "नाई बाप्पा. तेवढं एक नाई सांगतलं."

"तंबाखू सोडली तर बोटाले चुना कुठून लागन?"

परसरामजी आपलं बोट उन्हाकडे धरून पाहू लागले, आणि त्यांच्या मागच्या दहा-बारा जणांनीही आपापली बोटं पाहिली. दीपमालाने माइक मागितला नाही. ऐकू येईल तेवढंच बोलली. हा गोकर्णाचा चहा आहे, कुंपणावर फुकट मिळतो, कॉफी नको असेल तर खुशाल प्या. चुन्याने तो हिरवा होतो, लिंबाने गुलाबी, यात ना विष आहे ना अमृत. रंग पाहून गोळी बंद करू नका. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानण्याआधी एवढं विचारा, की हेच दुसऱ्या कशाने झालं असतं का.

अर्धी रांग मोडली. उरलेल्या अर्ध्या रांगेने पुड्या घेतल्याच. ती कुणाशी भांडली नाही.

विनोद तिच्या मागोमाग आला. घरी तिने निळा चहा केला, लिंबाची फोड बशीत ठेवली, रीतावहिनीने पाठवलेली गोळी फोडीशेजारी ठेवली. त्याने पेला हातात घेतला.

"मंग मी बरा नाई झालो तर," तो म्हणाला. "मले वाटलं होतं दीपा, खरंच वाटलं होतं. रोज सकाळी उठलो का वाटे, बाबासारखं नाई होणार आता माहं."

इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ती काय काय समजावत आली होती, पण माणूस त्या मांडवात कशाला जातो, हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"नाई होणार," ती म्हणाली. "पण चहानं नाई, या गोळीनं. बाबानं हीच सोडली होती."

विनोदने गोळी जिभेवर ठेवली आणि निळ्या चहाच्या घोटासोबत गिळली. चहाला काही चवच नाही, म्हणाला, जरा साखर टाक.