पाच फूट आठ इंचांचं हँडल

माणसाने यंत्रापुढे वाकायचं नसतं, यंत्राने माणसापुढे वाकायचं असतं, असं शशिधर नाडगौडा यांनी जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या आपल्या गॅरेजात जाहीर केलं, तेव्हा ते स्वतः कमरेत वाकलेले होते आणि त्यांना सरळ होता येत नव्हतं.

"बोला, बोला," त्यांची बायको कुमुदिनी त्यांच्या पाठीवर गरम पाण्याची पिशवी दाबत म्हणाली. "वाकून बोललात तरी ऐकू येतं."

शशिधरराव गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. अर्ध्या युरोपाची पाठ आपल्यामुळे ताठ आहे, असं त्यांचं मत होतं. युरोपाला कोणी विचारलेलं नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी सेकंडहँड मोटरसायकल घेतली, कारण उद्या, रविवारी, ऑफिसची मंडळी मोटरसायकलींवरून फेल्डबर्गच्या डोंगरावर जाणार होती. गेल्या वर्षी शशिधरराव बटाट्याच्या सॅलडचं पातेलं मांडीवर घेऊन कोणाच्या तरी कारमध्ये मागे बसून गेले होते. यंदा पुन्हा पातेलं धरायचं नव्हतं.

गाडी घेतली तेव्हा हँडल बरं होतं. पण 'बरं' हे काही माप नव्हे. त्यांनी एक्सेल उघडलं. स्वतःची उंची टाकली, कंपनीच्या तक्त्यातून तेवढ्या उंचीच्या माणसाचे हात, पाठ आणि मांड्या काढल्या, आणि उत्तर आलं: हँडल तीस मिलिमीटर वर, पंचवीस पुढे. त्यांनी हँडलखाली बसवायचे धातूचे ठोकळे, म्हणजे स्पेसर, मागवले, त्यांचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना, हे तीनदा पाहिलं. मग दोन चकरा मारल्या आणि खांद्यांचं पार वाळत घातलेलं धोतर झालं.

"आल्झो, म्हणजे, मी पुन्हा गणित केलं," ते म्हणाले. "आकडा तोच येतो. शीट बरोबर आहे."

"मग खांदे चुकले असतील."

"शरीराला सवय व्हायला वेळ लागतो."

कुमुदिनीने चष्मा लावून लॅपटॉपमध्ये पाहिलं. "हे एकशे त्र्याहत्तर कोण?"

"मी."

"मोजलं कोणी?"

मोजलं कोणीच नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी शशिधररावांसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा सुमनआत्यांनी बायोडेटात 'पाच फूट आठ इंच' लिहिलं होतं. पुढे तोच आकडा जर्मन पासपोर्टाच्या वेळी त्यांनी राटहाउसमधल्या, म्हणजे नगरपालिकेतल्या, बाईंना सांगितला. बाईंनी लिहून घेतला आणि शिक्का मारला. जर्मन शिक्का बसलेली गोष्ट खोटी कशी असेल?

"इकडे या. भिंतीला टेका," कुमुदिनी म्हणाली. "टाचा खाली."

"खालीच आहेत."

"दोन्ही."

तिने डोक्यावर फोल्डर आडवा धरून पेन्सिलीने रेघ मारली आणि टेप लावली. एकशे सहासष्ट.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"अंतरपाट धरला होता ना, तेव्हापासून. पलीकडे तुमच्या फेट्याचा तुरासुद्धा दिसेना. मला वाटलं, नवरदेव अजून आलाच नाही."

शशिधररावांनी एकशे सहासष्ट टाकले. एक्सेलने क्षणभरही न लाजता उत्तर दिलं: हँडल जसं होतं तसंच. त्यांनी स्पेसर काढले, हँडल मूळ जागी बसवलं आणि गाडीवर चढले. कोपरं सैल पडली. पाठीने तक्रार केली नाही. फेल्डबर्ग नक्की झालं, सॅलड दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर गेलं. युरोपाची पाठ ताठ करणारा माणूस गाडीच्या आरशात बघत बसला.

"अगं," ते म्हणाले, "आज संध्याकाळी तुझ्या आईंना पुण्याला फोन करशील ना?"

"करणार आहे. का?"

"त्यांच्यापुरतं पाच-आठच राहू दे."