छताला चिकटलेला चिखल

भूशास्त्रज्ञ बाईंनी सत्तावीस नंबरची पेटी टेबलावर ओढली, झाकण काढलं आणि भिंग डोळ्याला लावून त्या आत ओणवल्या. नमुना-कोठीच्या काकांनी लगबगीने कपाट पुसायला घेतलं. कपाट सकाळीच पुसून झालं होतं.

"काका, दगडातल्या भोकांत चिखल साचलाय. पण तो छताला चिकटलाय. चिखल तळाशी बसतो ना?"

"बसायला हवा," काका पुटपुटले.

पेटीत जमिनीखाली दोन किलोमीटरवरून काढलेल्या चुनखडीच्या कांड्या होत्या. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी काकांच्या हातून ही पेटी पडली होती. कांड्या त्यांनी अंदाजपंचे परत भरल्या. आठवड्याने साहेबांनी त्या पाहिल्या, भोकं खालच्या टोकाला आहेत असं नोंदवलं आणि निबंध छापून टाकला: इथे प्राचीन उंचवटा कधीच नव्हता. साहेब म्हणजे काकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. काकांना इथे चिकटवलं आणि वय उलटल्यावरही ठेवून घेतलं तेही त्यांनीच. मग तोंड उघडणार कोण? तीस वर्षं दर रविवारी जेवताना मेहुण्याचं उंचवट्यावरचं व्याख्यान सुरू झालं की काका इमानेइतबारे मान डोलवत.

"भोकं वर असती तर सगळं जुळलं असतं," बाई म्हणाल्या. "कोट्यवधी वर्षांपूर्वी हा दगड समुद्रातून वर उचलला गेला, पावसात विरघळून त्याची जाळी झाली. मग तो पुन्हा खाली गेला, वर थर बसले आणि जाळीत वायू साठला. म्हणजे विहीर खणायची ती जुन्या उंचवट्यावर. आज साहेब नाही म्हणाले तर कंपनी ही जागा कायमची सोडणार आहे. माझी तीन वर्षं पाण्यात."

काकांना त्यांची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"मॅडम, कांड्या उलट्या आहेत. माझ्या हातून पडल्या होत्या."

साहेबांच्या खोलीत काकांनी हेच एका दमात सांगून टाकलं. बाईंनी पेटी पुढे केली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"चिखल वर आहे. ठाऊक आहे मला."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"निबंध छापून आल्यानंतरच्या महिन्यापासून." साहेबांनी बाईंचा प्रस्ताव ओढून सही केली. "पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. कोणीतरी येऊन बोलेल म्हणून वाट पाहत होतो."

बाई कागद घेऊन पळाल्याच. काकांचा मात्र पारा चढला.

"मग तीस वर्षं ते व्याख्यान कशाला?"

"मला कळलंय असा तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

काका मटकन खुर्चीत बसले. साहेबांसमोर ते आजवर कधी बसले नव्हते.

"घरी हिला कळलं तर?"

"ताईला? तिला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती म्हणाली, ह्यांची नोकरी जाईल, गप्प बस."

"निबंध छापून आला त्या दिवशी मीही तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं," काका म्हणाले.

"आणि तुम्हाला काय म्हणाली?" साहेबांनी हळूच विचारलं.

"म्हणाली, धाकट्याचं आत्ताच कुठे नाव होतंय, गप्प बसा."

मग साहेब उठले आणि स्वतःच्या हाताने पेटीतली एकेक कांडी सुलटी करू लागले.